सूचनापेटी रिकामी का राहते?

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली. एमआयडीसी कुठलीही असो, ऑफिसच्या दाराशी एखादी सूचनापेटी टांगलेली सापडते. आत बहुधा धूळच असते. मग मालक म्हणतात, "आमच्या माणसांना काही सुचतच नाही." पण लेथवर आठ तास उभं राहणाऱ्याला सुचत असतंच. त्यानं सुरुवातीला एखादी चिठ्ठी टाकलेलीही असते. तिचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून दुसरी आली नाही.

टोयोटा या जपानी मोटार कंपनीचे एइजी तोयोदा १९५० साली अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले. तिथली सूचना योजना त्यांना भावली आणि १९५१ मध्ये टोयोटानं स्वतःची योजना सुरू केली. पुढे जपानी कारखान्यांनी कामगाराला स्वतः करून पाहता येतील अशा बारीक सुधारणांवर भर दिला.

त्या किती बारीक असाव्यात? १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात स्विचच्या जोडणीत दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कधीकधी एक राहून जाई. "नीट लक्ष द्या" असं सांगून काही फरक पडत नव्हता. शिगेओ शिंगो या जपानी उत्पादनतज्ज्ञांनी एक बशी ठेवायला लावली. आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मग त्या बसवायच्या. बशीत एक उरली, की चूक तिथल्या तिथे दिसते. या उपायाला खर्च जवळपास शून्य आहे.

तुमच्याकडे वीस-पंचवीस माणसं असतील तर पेटी काढा आणि मशीनजवळ फळा लावा. रकाने चार: अडचण, उपाय, उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. लिहायला संकोच वाटणाऱ्याचं म्हणणं सुपरवायझरनं लिहून घ्यावं, आणि फळ्यावर नाव मात्र सुचवणाऱ्याचंच. कंत्राटी कामगारांना वगळू नका, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, तेच हाताळतात. उत्तर सात दिवसांत द्या. "नाही" म्हणायलाही हरकत नाही, पण कारण द्या. दोन हजार रुपयांपर्यंतचा खर्च सुपरवायझरला न विचारता करू द्या, नाहीतर प्रत्येक सूचना मालकाच्या टेबलावर अडकते.

उपाय आधी एकाच मशीनवर करून बघा. गल्लत होते ती मोजणीत. समजा, सेटिंगचा, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा, वेळ कमी करायचा आहे. आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला चांगला नग निघेपर्यंत घड्याळ लावा. बरेच जण टूल बसवलं की घड्याळ थांबवतात आणि नंतरचे ट्रायलचे, भंगारात गेलेले नग हिशेबातच येत नाहीत. ऑपरेटर तोच, जॉब तोच ठेवून सुधारणेआधी तीन सेटिंगं मोजा आणि नंतर तीन. पान्हा कुठे, बोल्ट कुठे, या शोधाशोधीत किती वेळ जातो तेही वेगळं लिहा. तिथली बचत सगळ्यात स्वस्तात मिळते. लागणारा पान्हा मशीनपाशीच टांगायचा आणि पुढच्या जॉबचं टूल मशीन चालू असतानाच आणून ठेवायचं, की झालं.

बक्षीस छोटं, ठरलेलं आणि लगेच हातात पडणारं असावं. बचतीचे टक्के वाटायला गेलात तर बचतीच्या आकड्यावरून भांडणं होतात, आणि बक्षीस वर्षअखेरीला मिळालं तर ते कशाचं, हेच कुणाला आठवत नाही. वेळ वाचला म्हणून पीसरेट (दर नगामागची मजुरी) कापलात किंवा माणूस कमी केलात, तर दुसऱ्या दिवसापासून फळा कोरा. मग कितीही बक्षिसं लावा.

काही सूचना मात्र फळ्यावर लिहायच्या नसतात. एखादं फिक्श्चर, म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणारं साधन, खरोखर नवं वाटलं, बाजारात विकण्याजोगं वाटलं, तर त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकू नका आणि गिऱ्हाइकाला दाखवायची घाई करू नका. एकदा जाहीर झालं की पेटंटसाठी लागणारं नवेपण जातं. आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा, संपूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीची फी वेगळी, पेटंट एजंटचं मानधन वेगळं. या सवलतीसाठी उद्यम नोंदणीचं (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र आणि पेटंट कार्यालयाचा फॉर्म २८ लागतो, तेव्हा नोंदणी केलेली नसेल तर सुरुवात तिथूनच करा.