खलित्यातील नाव

दृश्य : खडकीचे संचलन मैदान दिसते. जानेवारीतील कोवळे ऊन पडले आहे.

१५ जानेवारी २०२५ रोजी सेना दिनाचे संचलन प्रथमच पुण्यात झाले. १९४९ साली याच तारखेला जनरल करिअप्पा यांनी ब्रिटिश सेनापतींकडून भारतीय लष्कराची सूत्रे स्वीकारली, म्हणून हा दिवस पाळला जातो. दिल्लीबाहेर संचलन नेण्याची प्रथा सुरू झाल्यावर बंगळुरू आणि लखनौ यांच्यामागून हा मान खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्राला मिळाला. संचलनापूर्वी लष्करप्रमुख स्वतःच्या हाताने जवानांच्या छातीवर सेना पदक लावतात. हे पदक चांदीचे, जेमतेम ३५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यावर टोक वर केलेली संगीन असते आणि लाल फितीच्या मधोमध पांढरी रेघ असते. वीरगती मिळालेल्या जवानाचे पदक घेण्यासाठी त्याची पत्नी किंवा आई पुढे येते, तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानावर केवळ निवेदकाचा आवाज ऐकू येतो. तो त्या जवानाचे मानपत्र वाचत असतो आणि लष्करात त्याला सायटेशन म्हणतात.

आपली नजर पदकावर खिळते, परंतु हा माहितीपट आहे तो त्या वाचल्या जाणाऱ्या मजकुराविषयी. कोणी तरी पाहिले, कोणी तरी लिहून ठेवले आणि ते लिहिलेले वरपर्यंत पोहोचले, म्हणूनच ते पदक छातीवर आले.

दृश्य : पीर पंजालच्या पायथ्याचा डोंगराळ रस्ता दिसतो.

याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमधील, म्हणजे बॉम्बे सॅपर्समधील सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावी १९१८ साली जन्मलेले राणे १९४० मध्ये साध्या शिपायाच्या हुद्द्यावर भरती झाले होते. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले, तेव्हा शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती आणि पूल उडवले होते. ८ एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही दुसऱ्या दिवशी ते आघाडीच्या रणगाड्याखाली शिरले आणि रणगाड्याबरोबर सरपटत सुरुंग काढत गेले. वर बसलेल्या चालकाला थांबण्याची आणि पुढे जाण्याची खूण ते दोन दोऱ्या ओढून करत होते. ११ एप्रिलपर्यंत हे काम चालू होते. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि हयात असताना हा सन्मान मिळालेले ते पहिले सैनिक ठरले.

इथपर्यंतची हकिकत शाळेच्या पुस्तकातही सापडेल. तिच्यापुढची एक नोंद मात्र क्वचित सांगितली जाते. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत राणे यांचा पाच वेळा ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे सेनापतीच्या अहवालात नावानिशी उल्लेख झाला होता. परमवीर चक्राच्या तेजापुढे हे पाच उल्लेख झाकून जातात, पण मला तेच अधिक बोलके वाटतात. ते चार दिवस असामान्य होतेच, परंतु हा माणूस एरवीही वारंवार नजरेत भरण्याजोगे काम करत होता, याची साक्ष हे पाच उल्लेख देतात.

‘डिस्पॅच’ या शब्दासाठी मराठीत खलिता हा जुना आणि नेमका शब्द आहे. मोहिमेचा सेनापती वरिष्ठांना खलिता पाठवतो आणि त्यात विशेष कामगिरी करणाऱ्यांची नावे घालतो, अशी ही रीत आहे. स्वतंत्र भारताने ती पुढे चालू ठेवली. ज्याचे नाव खलित्यात येते त्याला वेगळे पदक मिळत नाही. त्या मोहिमेच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाच्या आकाराचे छोटे चिन्ह लावण्याचा अधिकार त्याला मिळतो. जवळून पाहिल्याशिवाय ते पान दिसतही नाही.

कामगिरीची अशी मोजदाद आपल्याकडे परकी नव्हती. अफझलखानाच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांनी काय केले, हे सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. पडलेल्यांच्या मुलांचा सांभाळ केला, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या पत्नींना निमे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले. ‘जखम पाहून’ या शब्दांत सारे काही आले. सरसकट वाटप करणे सोपे असते. इथे प्रत्येकाची जखम कोणी तरी पाहिली होती.

दृश्य : पलटणीच्या कार्यालयात टंकलेखन चालू आहे. टेबलावर फायलींचा गठ्ठा आहे.

आज हे पाहण्याचे काम पलटणीच्या कार्यालयात सुरू होते. शिफारस पलटणीचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर (सीओ) करतो. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि कमांड अशा पायऱ्या चढत सेना मुख्यालयाच्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेत जाते. पुढे संरक्षण मंत्रालयातील केंद्रीय सन्मान व पुरस्कार समिती तिच्यावर विचार करते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती राजपत्रात प्रसिद्ध होते. वाटेतील प्रत्येक पायरीवर शिफारस खालच्या पदकावर येऊ शकते किंवा तिथेच थांबू शकते. शौर्याच्या शिफारशीसोबत प्रत्यक्षदर्शींचे जबाब असतात. सेवेच्या शिफारशीला असा एखादा रोमहर्षक क्षण नसतो. तीन वर्षांत एकही गाडी बंद पडू दिली नाही, बर्फात अडकलेल्या चौकीपर्यंत रसद वेळेवर पोहोचवली, रुग्णालयाचा एक विभाग शून्यातून उभा केला, हे दोन परिच्छेदांत असे लिहावे लागते की त्या जवानाला कधीही न पाहिलेल्या अधिकाऱ्याला ते पटावे. सीओ साहेबांची लेखणी बोथट असेल, तर चांगल्या जवानाचे काम कागदावरही बोथटच उतरते. या व्यवस्थेतील हे सर्वांत नाजूक ठिकाण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

सेवेच्या गौरवासाठी १९६० साली विशिष्ट सेवा पदके सुरू झाली. तेव्हा त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग म्हणत. १९६७ पासून परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट अशी नावे रूढ झाली. तिन्हींची फीत सोनेरी असते आणि तिच्यावर अनुक्रमे एक, दोन आणि तीन गडद निळ्या रेघा असतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि तिथेच पुढे अधिष्ठाता झालेल्या बालरोगतज्ज्ञ लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्या नावापुढे ही तिन्ही पदके आहेत. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांवर उपचार करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या गणवेशावर या फिती दिसतात, तेव्हा लष्कराची सेवा केवळ सीमेवर होत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. यांतील वरची दोन पदके व्यवहारात ज्येष्ठ अधिकाऱ्यांकडेच जातात. शिपाई, नाईक, हवालदार, स्वयंपाकी, चालक आणि कारकून यांच्या वाट्याला येण्याची अधिक शक्यता असते ती कमेंडेशन कार्डाची, म्हणजे प्रशस्तिपत्राची. लष्करप्रमुख आणि कमांडचे सेनापती ते देतात. प्रमुखांच्या कार्डांची यादी सेना दिन, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या निमित्तांनी निघते. शौर्यपदकांसोबत दरमहा भत्ता मिळतो, कार्डासोबत तो मिळत नाही, आणि नावापुढे लावायची आद्याक्षरेही मिळत नाहीत. मिळतो तो सहीचा कागद आणि गणवेशावर लावण्याचा एक बिल्ला.

२०२० च्या स्वातंत्र्य दिनी लष्करप्रमुखांचे हे कार्ड विदा आणि सोफी या दोन श्वानांनाही देण्यात आले. विदाने जमिनीत पुरलेले पाच सुरुंग आणि एक हातबॉम्ब हुंगून शोधला होता. त्याआधी मानसी नावाच्या लॅब्रेडॉर कुत्रीचा मरणोत्तर उल्लेख खलित्यात झाला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये काश्मीरमधील तंगधार भागात घुसखोरांचा माग काढताना ती आपल्या प्रशिक्षकासह मारली गेली होती. काहींना हे विचित्र वाटेल. मला त्यात या व्यवस्थेचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण सुरुंग कोणी शोधला हे व्यवस्थेने खरे लिहिले.

दृश्य : सातारा जिल्ह्यातील एका घराची ओसरी दिसते. भिंतीवर चौकट टांगलेली आहे.

निवृत्त जवानांच्या घरी गेल्यावर पदके बहुधा ट्रंकेत असतात, मऊ कापडात गुंडाळलेली. पदकाची कड बोटाने चाचपली तर त्यावर कोरलेला क्रमांक आणि नाव हाताला लागते. कार्ड मात्र भिंतीवर असते, देवघराच्या शेजारी किंवा लग्नाच्या फोटोखाली. पाहुणा आला की घरातील कोणी तरी ते खाली उतरवते, पदराने काच पुसते आणि वाचायला देते. पदकापेक्षा कागद भिंतीवर का, याचे उत्तर एका वृद्ध हवालदारांनी आम्हाला साधेपणाने दिले. मेडल पुष्कळांकडे सारखेच असते, ते म्हणाले, पण या कागदावर माझे काम लिहिलेले आहे.

दृश्य : पुन्हा खडकी दिसते. प्रशिक्षणाचे मैदान आहे आणि पहाटेची वेळ आहे.

खडकीच्या याच केंद्रात आज नवे रंगरूट सुरुंग शोधण्याचे शिक्षण घेत आहेत. एक मुलगा पोटावर झोपला आहे आणि हातातील सळई तिरकी धरून जमिनीत हळूच खुपसत आहे. काही लागले नाही, म्हणून तो बोटभर पुढे सरकतो आणि पुन्हा सळई खुपसतो. त्याच्या मागे उभे असलेले उस्ताद काही बोलत नाहीत. हातातील वहीत त्याच्या नावापुढे ते एक खूण करतात.