चार वर्षं जुना पासवर्ड

जून २०१२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे ६५ लाख पासवर्डचे हॅश इंटरनेटवर उघडे पडले. हॅश म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गहू दळला की पीठ होतं, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. कंपनीनं तुमचा पासवर्ड असा दळून ठेवायचा असतो; ते पीठ म्हणजे हॅश. पण चोर पिठाचा गहू करायला बसतच नाही. तो लोक हमखास ठेवतात ते पासवर्ड घेतो, आपल्याकडे दळतो आणि पीठ जुळतंय का ते बघतो. लिंक्डइननं वापरलेली एसएचए-१ ही पद्धत म्हणजे विजेवरची गिरणी, एका सेकंदात कोट्यवधी दळणं काढणारी. पासवर्डसाठी मुद्दाम संथ चालणारं जातं हवं असतं. बीक्रिप्ट तसं आहे, आणि ते तेव्हाही उपलब्ध होतं. शिवाय प्रत्येक दळणात वेगळं मीठ घालायचं असतं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं. लिंक्डइनच्या पिठात मीठच नव्हतं. इतक्या मोठ्या कंपनीची ही हयगय मला आजही अक्षम्य वाटते.

त्या वेळी कंपनीनं काही खात्यांचे पासवर्ड रद्द केले आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. मे २०१६ मध्ये त्याच चोरीतले ११ कोटी ७० लाख ईमेल आणि पासवर्डचे हॅश विक्रीला आले. चार वर्षं ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांचा तो अजून चालत होता. पुढच्याच महिन्यात फेसबुकचे मार्क झकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टची खाती काही काळ परक्यांच्या हाती गेली. पासवर्ड लिंक्डइनच्या साठ्यातून मिळाला, असा त्या लोकांचा दावा होता.

एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला लावून बघणं, हा या चोरांचा खरा धंदा. ते काम यंत्र करतं, रात्रंदिवस. म्हणून शेवटच्या १ चा २ करून पासवर्ड बदलला म्हणू नका. यंत्र तोही लावून बघतं.

तुमचं खातं अशा चोरीत सापडलं, तर फुटलेल्या खात्याबरोबरच ईमेल लगेच सांभाळा. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. नवा, लांब, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मग सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा: खातं परत मिळवण्यासाठीचा मोबाइल नंबर तुमचाच आहे का, आणि तुमची पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना. हे दुसरं बहुतेक जण बघत नाहीत, आणि तुम्ही पासवर्ड बदलल्यावरही चोर वाचत राहतो. त्यानंतर तोच पासवर्ड जिथे जिथे दिला होता, तिथे बदला. इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरकडे, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद जपून ठेवणाऱ्या ॲपकडे सोपवा. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय सुरू करा, शक्यतो असे कोड फोनवरच तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवरून.

सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल घालून तो कुठल्या चोरीत सापडलाय का, हे फुकट बघता येतं. आज घरी गेल्यावर आईवडिलांचाही ईमेल तिथे घालून बघा. आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.