वरणाचं पचन काचेच्या नळीत: लहान आतड्याचा टप्पा

नमस्कार मंडळी. समोर दिसतंय ते तुरीचं घट्ट वरण. फोडणी नाही, मीठ नाही, हळदसुद्धा नाही. यातलं प्रथिन आज आपण नळीत पचवणार आहोत. बोलणार आहोत मुख्यतः लहान आतड्याच्या टप्प्यावर, कारण आकडे बिघडतात ते तिथेच.

पद्धत आहे इन्फोजेस्ट. संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती 2014 मध्ये मांडली, 2019 मध्ये सुधारली. त्याआधी कुणाचं जठर पीएच 1.2 वर चालायचं, कुणाचं 2.5 वर, निकाल जुळणार कसे?

5 ग्रॅम वरण घ्या. त्यात 5 मिली कृत्रिम लाळ, पीएच 7, 2 मिनिटं. झाले 10 मिली. मग तेवढाच कृत्रिम जठररस, पीएच 3, पेप्सिन (जठरातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम) दर मिलीला 2000 युनिट, 2 तास. झाले 20. आता पुन्हा तेवढाच कृत्रिम आंत्ररस, म्हणजे आतड्यातला रस, पीएच 7, ट्रिप्सिन (आतड्यातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम) दर मिलीला 100 युनिट, पित्तक्षार 10 मिलीमोलर, आणखी 2 तास. एकूण 40 मिली, तापमान सतत 37 अंश.

इथे एक गोची असते. आंत्ररसाचे जे 20 मिली म्हटले, त्यातच पॅनक्रिअॅटिन (ट्रिप्सिनसकट स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमांचं मिश्रण), पित्त, कॅल्शियम क्लोराइड, सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी सगळं बसवायचं असतं. म्हणून क्षारांचं द्रावण सव्वापट तीव्र करून ठेवतात. पुष्कळ जण 20 मिली रस ओततात आणि एन्झाइम वरून घालतात. मग सगळंच पातळ होतं. कॅल्शियमही ऐन वेळीच घालायचं. बाटलीत आधीपासून मिसळून ठेवलंत तर तळाशी पांढरा साका बसेल.

आता ही पॅनक्रिअॅटिनची बाटली जवळून बघा. फिकट बदामी पूड, डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली. लेबलवर लिहिलंय 8×यूएसपी, म्हणजे अमेरिकी औषधकोशाच्या मानकाच्या आठपट. या आकड्यावर हिशेब करू नका. ट्रिप्सिनची सक्रियता टेम नावाच्या सब्स्ट्रेटवर (एन्झाइम ज्याला तोडतं त्या पदार्थावर) स्वतः मोजा: पीएच 8.1, 25 अंश, 247 नॅनोमीटर. दुसऱ्या काही बाटल्यांवर बीएईई या वेगळ्या सब्स्ट्रेटवर मोजलेली युनिट असतात, आणि एक टेम युनिट म्हणजे सुमारे 57.5 बीएईई युनिट. ही गल्लत झाली की आतडं जवळपास साठपट अशक्त होतं आणि दोष वरणाला जातो.

समजा मोजणीत मिलिग्रॅमला 5 युनिट निघाले. आपल्याला हवेत 40 गुणिले 100, म्हणजे 4000 युनिट. म्हणजे 800 मिलिग्रॅम पूड. आणि 5 ग्रॅम घट्ट वरणात प्रथिन किती? साधारण 350 मिलिग्रॅम! पॅनक्रिअॅटिनचा मोठा भाग स्वतःच प्रथिन असतो, आणि तो स्वतःलाही पचवत बसतो. म्हणून वरणाऐवजी पाणी घालून तीच सगळी प्रक्रिया केलेली कोरी नळी लागतेच. तिचं वाचन वजा केलं नाही तर तुम्ही वरणापेक्षा डुकराचं स्वादुपिंड जास्त मोजलेलं असतं. कोऱ्या नळीशिवायचा तक्ता माझ्यासमोर आला तर मी पुढे वाचत नाही.

पॅनक्रिअॅटिनची पूड थंड आंत्ररसात, बर्फावर आणि वापरायच्या अगदी आधी कालवा. गुठळ्या होतात, जोरात हलवलंत तर फेस येतो. पित्ताची पूड उलट, तिला 37 अंशांवर फिरवत वेळ द्यावा लागतो. पित्त पडलं की हा पांढुरका घोळ असा पिवळट होतो.

पीएचची रंगीत तालीम आदल्या दिवशी करून ठेवा. डाळ बरंच आम्ल पिऊन घेते. खऱ्या नळीत थेंब-थेंब घालत पंधरा मिनिटं गेली, तर तेवढा वेळ पचन भलत्याच पीएचवर चाललं. शिवाय ट्रिप्सिन बंध तोडत जातं तसा पीएच खाली सरकतो, आणि नळी उघडी राहिली तर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून वर चढतो. झाकण लावा, मध्ये एकदा तपासा. ढवळायला चुंबकी कांडी नको, ती कण दळते. नळ्या फिरत्या चाकावर लावा.

आता खास नागपूरसाठी. मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि प्रयोगशाळेत एसी बंद, तर दुपारी खोलीच 40 वर जाते. साधा वॉटर बाथ पाणी फक्त तापवतो, गार करत नाही. डिस्प्लेवर 37 सेट केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, पाण्यात वेगळा थर्मामीटर बुडवा. आणि कूलरच्या वाऱ्यात एन्झाइमची बाटली उघडू नका. ती हवा दमट असते, पूड ओल धरते. उणे 20 मधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

प्रत्येक वेळेसाठी वेगळी नळी ठेवा: 0, 30, 60, 120 मिनिटं. एकाच नळीतून पिपेटने काढत गेलात तर कधी गाळ येतो, कधी नुसतं पाणी.

पचन थांबवायला बरेच जण पेफाब्लॉक हे एन्झाइम रोखणारं रसायन वापरतात. ते ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन थांबवतं, पण कार्बोक्सिपेप्टिडेजला (प्रथिन टोकाकडून तोडणाऱ्या एन्झाइमला) हात लावत नाही. शिवाय त्याच्या रेणूत स्वतःचाच अमिनो गट असतो. प्रथिनाचा बंध तुटला की एक अमिनो गट मोकळा होतो. आपण पुढे ओपीए या अभिकर्मकाने 340 नॅनोमीटरवर हे मोकळे अमिनो गटच मोजणार, म्हणजे हा पाहुणाही मोजला जाणार. ओपीएसाठी ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल बरं. न पचलेलं मोठं प्रथिनही तळाशी बसतं. रंग टिकत नाही, म्हणून अभिकर्मक घातल्यापासून वाचनापर्यंतचा वेळ सगळ्या नळ्यांना सारखाच द्या.

हाच प्रयोग कमी शिजलेल्या डाळीवर जरूर करा. कच्च्या तुरीत ट्रिप्सिन रोखणारी प्रथिनं असतात, कुकरच्या उष्णतेने ती बरीच निकामी होतात. कमी शिजलेल्या नळीचा आकडा खाली आला, तर मोजलेल्या 100 युनिटांपैकी काही तिथे अडकलेत, असा संशय घ्या.

आणि 120 मिनिटांनंतर जे हाती लागतं त्याला 'शरीरात शोषलं गेलेलं प्रथिन' म्हणू नका. या नळीत आतड्याच्या अस्तरावरचे पेप्टिडेज (प्रथिनाचे छोटे तुकडे तोडणारी एन्झाइम) नाहीत, तुकडे उचलून नेणारंही कुणी नाही. अहवालात 'प्रयोगशाळेतील जलविघटनाचं प्रमाण' असंच लिहा, आणि शेजारी बाटलीचा लॉट क्रमांक व मोजलेली सक्रियता.