घुम्याचे जोर

(पहाट. आधी फावड्याचा आवाज, मग हौदा.)

कोल्हापुरातली कुस्तीची तालीम. दिवस हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणण्यापासून सुरू होतो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलाय, तरी ती रोज खालीवर करावीच लागते. बसलेल्या मातीवर पडलं की पाठ धरते. फावडं चालवतानाच अर्धा घाम निघतो. मग जोर, मग बैठका, मग दोर चढणं.

डावीकडचा गडी बघा. दर जोराला हुंकार, मधेच जोडीदाराला टोमणा. बघायला चार माणसं उभी राहिली की याचा वेग वाढतो.

आणि हा कोपऱ्यातला, भिंतीकडे तोंड केलेला. कॅमेरा जवळ नेला तसा आणखी सरकला, म्हणून लांबूनच घेतलाय. ओठ हलताहेत. तो मोजतोय, पण दहापर्यंतच. दहा झाले की पुन्हा एक. शंभर म्हटलं की हात थरथरतात, दहा तर कुणीही मारतं, असा त्याचा हिशोब.

अशा पोराला घुम्या म्हणतात. अंगात रग नाही, असंही म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

२०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ जणांना दम संपेपर्यंत सायकल मारायला लावली. त्यातल्या निम्म्यांना मग दोन आठवडे स्वतःशी बोलायची सवय लावली. वाक्यं ज्याची त्याने निवडायची. पुन्हा सायकल. बोलणारे सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले, बाकीचे होते तिथेच राहिले. मेहनत तीच, पण बोलणाऱ्यांना शीण कमी वाटला.

म्हणजे डावीकडचाही स्वतःशीच बोलतोय. फक्त मोठ्याने.

(वस्ताद हौद्यात उतरतात.)

वस्तादांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. ओरडणाऱ्याला ते चारचौघांत डिवचतात. घुम्याच्या मागे नुसते जाऊन उभे राहतात.

सगळी पोरं टिकत नाहीत. काही जण वळकटी बांधून गावी परततात.

आज लढतीला वस्तादांनी या दोघांचीच जोड लावलीय. पहिला पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, ओरडणाऱ्याने काढला. दुसराही. आता त्याचा हुंकार बंद झालाय, आणि घुम्या पुन्हा एकपासून मोजतोय.