अंधारात लपणारा तारा: नॅनोफॉसिल ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी! मुंबईचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट. थिजलेला लाव्हा तो, आज आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा समुद्रतळाचा गाळ. इथून पश्चिमेला दीडशेहून जास्त किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४मध्ये तिथे तेल लागलं, तेही मायोसीन या भूशास्त्रीय काळातल्या चुनखडकात. सागरी विहीर खणताना कुठला थर कोणत्या काळातला, हे सांगायला नॅनोफॉसिल, म्हणजे अतिसूक्ष्म जीवाश्म, कामी येतात. त्यांतले बहुतेक कोकोलिथ, म्हणजे एकपेशीय शैवालांच्या अंगावरच्या कॅल्साइटच्या चकत्या. आकार साधारण २ ते २० मायक्रॉन.

स्लाइड करणं सोपं. चिमूटभर गाळ, थेंबभर पाणी, टूथपिकने कव्हरस्लिपवर पातळ सारवायचं, वाळवून काचेवर चिकटवायचं. टूथपिक दर नमुन्याला नवी हं! नाहीतर एका थरातले जीव दुसऱ्यात शिरतात, मग बसा वय शोधत.

[स्क्रीनवर: क्रॉस निकोलमधलं दृश्य]

सूक्ष्मदर्शकाची ऑइल इमर्शन लेन्स, हजारपट मोठं. क्रॉस निकोल म्हणजे प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत ठेवणाऱ्या दोन गाळण्या, एकमेकींना काटकोनात. मागचं सगळं काळं, कोकोलिथ चमकतायत आणि बहुतेकांवर काळी फुली दिसतेय. फुलीचे हात सरळ की वळलेले, ते टिपून घ्या. नाव द्यायची घाई नको. आधी कडा बघा: स्फटिक कसे रचलेत, ढाली (म्हणजे चकतीचे थर) किती. कुळ तिथेच ठरतं. मग मधला भाग. जेफिरोकॅप्सा या कोकोलिथच्या मधल्या भोकावर तिरका पूल असतो, तो चटकन कळतो.

[अ‍ॅनलायझर (वरची गाळणी) बाहेर काढत]

आणि हा बघा! मघाशी इथे काहीच नव्हतं ना? हा डिस्कोअ‍ॅस्टर, ताऱ्याच्या आकाराचा. आडवा पडला की त्याच्या कॅल्साइटचा प्रकाशीय अक्ष काचेवर उभा राहतो. प्रकाश त्याच दिशेने जातो, दुहेरी वक्रीभवन, म्हणजे किरण दोनांत फुटणं, होत नाही आणि क्रॉस निकोलमध्ये तारा गायब! म्हणून एकच जागा दोन्ही प्रकाशांत बघायची. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस महागात पडतो. तारा नजरेतून सुटला तर थराचं वय चुकतं. कारण ताऱ्यांतली शेवटची जात, डिस्कोअ‍ॅस्टर ब्राउवेरी, सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी संपली, आणि संशोधक मार्टिनीने १९७१मध्ये मांडलेल्या नॅनोफॉसिलवर आधारित कालविभागणीत एनएन १८ हा काळाचा पट्टा तिथेच संपतो.

कधी ताऱ्यावर जादा कॅल्साइट चढून हात जाडजूड होतात. तेव्हा नुसतं डिस्कोअ‍ॅस्टर लिहा. ओढूनताणून जात ठरवू नका.

विहीर खणताना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात आणखी एक भानगड: वरचा माल खाली ढासळतो. म्हणून एखादी जात खाली कुठवर दिसते यावर माझा भरवसा नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे भेटली, ती खोली मी धरते.