पातळ तारेचा साथीदार : जेम्स बर्टन

(दृश्य : फिरणारी तबकडी. सुई खाली टेकते.)

अमेरिकन गायक रिकी नेल्सनचं 'हॅलो मेरी लू', साल १९६१. गाणं मध्यावर येतं, रिकी थांबतो आणि काही सेकंद गिटार बोलते. स्वर सरळ लागत नाहीत, खालून ओढून वर नेले जातात. मध्येच तार कटकट वाजते, पुन्हा मोकळी होते, आणि रिकी गायला लागतो. वाजवणारा २१ वर्षांचा होता. तबकडीवर नाव मात्र एकट्या रिकीचं.

त्या गिटारवाल्याचं नाव जेम्स बर्टन. जन्म २१ ऑगस्ट १९३९, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं डबर्ली हे गाव. वाढला श्रीव्हपोर्ट शहरात. तिथल्या केडब्ल्यूकेएच रेडिओवर दर शनिवारी रात्री 'लुईझियाना हेराइड' हा कार्यक्रम व्हायचा, म्युनिसिपल ऑडिटोरियममधून थेट. चौदाव्या वर्षी बर्टन त्याच्या वाद्यवृंदात बसायला लागला. आज एक गायक, उद्या दुसरा, पट्टी प्रत्येकाची वेगळी. साथीला बसणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणं कठीण.

(दृश्य : श्रीव्हपोर्ट. रेडिओ स्टेशनची जुनी छायाचित्रं.)

१९५७ साली गायक डेल हॉकिन्सचं 'सुझी क्यू' याच रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. ज्या गिटारच्या तुकड्यावर ते अख्खं गाणं उभं आहे, तो बर्टनने आधी निव्वळ वाद्यरचना म्हणून बांधला होता. सर्वांत जाड तार मोकळी घुमत राहते आणि तिच्यावर वरच्या तारांचा ठेका बोलतो, म्हणून एकच गिटार दोन माणसांची वाटते. गीतकार-संगीतकार म्हणून तीन नावं छापली गेली. त्यांत बर्टन नाही. १९६८ मध्ये क्रीडन्स क्लियरवॉटर रिव्हायव्हल या बँडने हे गाणं आठ मिनिटांच्या वर ताणलं, तेव्हाही पाया त्याच तुकड्याचा होता.

त्यानंतर लॉस एंजेलिस आणि रिकी नेल्सन. रिकीच्या कुटुंबाची टीव्ही मालिका दर आठवड्याला घराघरांत दिसायची आणि गाण्याच्या वेळी मागे बर्टन उभा असायचा. बाकीचे सेशन वादक, म्हणजे स्टुडिओत पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारे, नुसते ऐकू यायचे. याची बोटं पोरांना बघायला मिळाली.

(दृश्य : गिटारच्या तारा, अगदी जवळून.)

आता तारांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. पन्नाशीच्या दशकात गिटारच्या तारांचा तयार संच जाड यायचा. पहिली तार बहुधा ०.०१३ इंचाची आणि तिसरी तर वर बारीक तार गुंडाळलेली. अशी तिसरी तार एक पूर्ण स्वर वर ओढायची म्हणजे बोटं सोलून घेणं. बर्टनने वरच्या, म्हणजे पातळ बाजूच्या, चार तारा काढल्या आणि तिथे बँजोच्या तारा चढवल्या. (आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो वेगळा. हा अमेरिकन लोकसंगीतातला, चामडं मढवलेल्या गोल तोंडाचा.) पातळ गिटार तारांचे संच तेव्हा दुकानात मिळतच नव्हते.

फरक आकड्यांत बघा. बर्टनच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच. तेवढ्यात ०.०१३ ची तार वरच्या 'ई'ला, म्हणजे पहिल्या तारेच्या स्वराला, लावली तर ताण साधारण साडेबारा किलो. ०.००९ ची लावली तर सहा किलोच्या आत. जाडी कमी झाली एक तृतीयांशाहून थोडी कमी, पण ताण जाडीच्या वर्गाने बदलतो म्हणून तो निम्म्यावर आला. सतारीवर मींड घेतात तशी ओढ गिटारवर घ्यायला एवढी ढील हवीच.

हे फुकटात मिळत नाही. ताण उतरला की गिटारची मान सरळ होते आणि तारा फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना) घासून झणझणतात, मग मानेतली सळई थोडी सैल करावी लागते. जाड तारेसाठी मानेच्या टोकाला कापलेल्या खाचेत पातळ तार हलते. आणि ज्याला बोट घट्ट रोवायची सवय, त्याचा प्रत्येक स्वर किंचित चढा लागतो. पातळ तारेला हलका हात लागतो, आणि तो बर्टनकडे होता.

उजवा हातही वेगळा. अंगठा आणि तर्जनीत नेहमीची चपटी नखी, शिवाय मधल्या बोटात धातूची नखी. मधल्या बोटाने तार वर खेचून सोडायची आणि ती पुरती वाजण्याआधीच चपटी नखी तिच्यावर टेकवायची. स्वर तुटतो, 'कट्' असा आवाज येतो. एक स्वर मोकळा, एक तुटका, एक मोकळा. कोंबडी दाणे टिपते तसं ऐकू येतं, म्हणून या प्रकाराला 'चिकन पिकिंग' म्हणतात. नवखे इथे घाईने तार नुसती दाबून ठेवतात आणि मग ताल राहतो पण स्वर उरत नाही. तुटका आवाज मोकळ्या स्वराइतकाच वेळेवर पडायला हवा.

(दृश्य : डावा हात, पाचव्या फ्रेटजवळ.)

त्याच्या बाजाचा एक नमुना हाताखालून घाला. 'ए' हा सा धरा. पहिली तार पाचव्या फ्रेटवर म्हणजे सा, दुसरी पाचव्या फ्रेटवर म्हणजे पंचम. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर म्हणजे रिषभ. तिन्ही एकत्र छेडा आणि फक्त तिसरी ओढून रिषभाचा गंधार करा. सा आणि पंचम हलता कामा नयेत. पेडल स्टील, म्हणजे आडव्या ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायच्या गिटारवर, हे काम पायाखालची पट्टी करते, इथे बोटांनी करायचं. स्ट्रॅटोकास्टरसारख्या, ब्रिज (तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) स्प्रिंगवर तरंगणाऱ्या गिटारवर हेच केलं तर एक तार ओढताना ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या दोन तारा उतरतात. टेलिकास्टरचा ब्रिज लाकडावर स्क्रूने पक्का आवळलेला असतो. बर्टन आयुष्यभर टेलिकास्टरला चिकटून राहिला, त्याला या पक्क्या ब्रिजचा मोठा हातभार असणार.

साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सेशन म्हणजे तीन तासांचा करार. तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची. चाल तिथेच ऐकायची आणि जागा तिथेच शोधायच्या. कंट्री गायक मर्ल हॅगर्डच्या त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत त्याचा गिटारवादक रॉय निकोल्सबरोबर बर्टनही आहे. दोघेही टेलिकास्टरवाले, त्यामुळे कोण कुठे वाजतोय यावर ऐकणारे आजही वाद घालतात.

१९६९ मध्ये एल्विस प्रेस्लीला रंगमंचावर परतायचं होतं. बँड जमवायचं काम बर्टनकडे आलं. ३१ जुलैला लास व्हेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात पहिला प्रयोग झाला आणि १९७७ मध्ये एल्विस गेला तोवर बर्टन त्याच्या मागे उभा होता. सोलोची वेळ आली की एल्विस ओरडायचा, 'प्ले इट, जेम्स!' हातात गुलाबी टेलिकास्टर, तिच्यावर आपल्या साडीच्या काठावर असते तशी कोयरीची नक्षी. ती रंगवलेली नव्हती. छापील कागद चिकटवून वर लॅकर चढवलेलं होतं.

एल्विसच्या प्रयोगांत भव्यता आहे, पण बर्टन नीट ऐकायचा तर गायक ग्रॅम पार्सन्स आणि गायिका एमिलू हॅरिसकडे जावं. 'ऊ लास व्हेगास' हे गाणं पार्सन्सच्या १९७४ च्या 'ग्रीव्हस एंजल'मध्ये आहे आणि एमिलूच्या १९७५ च्या 'एलिट हॉटेल'मध्येही. दोन्हीकडे गिटार बर्टनची. दोन्ही गटांत खरी पेडल स्टील वाजवणारा माणूस हजर, म्हणजे बर्टनने ज्या वाद्याची नक्कल बोटांत उतरवली ते वाद्यच शेजारी. तरी टक्कर होत नाही. स्टील लांब स्वर धरते, बर्टन छोटे तुटके तुकडे टाकतो. गायिकेची ओळ चालू असताना तो जवळपास गप्प असतो. ओळ संपली, तिने श्वास घेतला, की तेवढ्या फटीत चार-पाच स्वर. आपल्याकडचा मुरलेला पेटीवाला हेच करतो.

पुढे अनेक वर्षं गायक जॉन डेन्व्हरला साथ. ३० सप्टेंबर १९८७ ला लॉस एंजेलिसच्या अॅम्बॅसॅडर हॉटेलात गायक रॉय ऑर्बिसनची मैफल झाली आणि ती चित्रितही झाली. साथीला बर्टन होता. मंचावर रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनही गिटार घेऊन उभा होता. 'प्रिटी वुमन'च्या शेवटी बर्टन आणि त्याची जुगलबंदी रंगते. स्प्रिंगस्टीन जोर लावतो, दात दाखवून हसतो. बर्टनची मनगटं जेमतेम हलतात.

२००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला साथीदारांच्या विभागात घेतलं. त्याची ओळख करून द्यायला रोलिंग स्टोन्स बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स उभा राहिला.

(दृश्य : पुन्हा तबकडी. 'हॅलो मेरी लू'चा सोलो, या वेळी निवेदनाशिवाय.)