बादली सापडली, तर पाणपोईही सापडेल

नमस्कार श्रोतेहो. आपल्या भागातल्या पाणपोया, बाकडी, सार्वजनिक शौचालयं मोबाइलने नकाशावर कशी चढवायची, हा आजचा विषय. पण आधी एका बादलीची गोष्ट.

2000 सालापर्यंत लोकांना जीपीएस मिळायचं ते भेसळीचं. शत्रूला फायदा नको म्हणून अमेरिकी लष्कर उपग्रहाच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायचं. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. तुम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलेले आणि यंत्र म्हणतंय, पाण्यात आहात! 1 मे 2000 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद होणार असं जाहीर केलं. तिथल्या मध्यरात्री ती थांबली, तेव्हा आपल्याकडे 2 मेची सकाळ होती. अचूकता दहापट वाढली.

ऑरेगॉन राज्यातल्या डेव्ह अल्मर यांनी याची परीक्षाच घ्यायची ठरवली. 3 मे रोजी बीव्हरक्रीकजवळच्या रानात त्यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धी पुरली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, गलोल, शिवाय घेवड्याचा एक डबा. इंटरनेटवर पत्ता दिला तो नुसते अक्षांश-रेखांश. अट एवढीच, काही घ्या आणि काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी बादली हुडकली! त्यातूनच जिओकॅशिंग नावाचा खेळ जगभर पसरला. आपल्याकडे पत्ता अजून 'डेपोच्या मागे, पिंपळाशी' असाच असतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पिंपळ तोडू नका, म्हणजे झालं.

आता आपलं काम. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भर घालता येणारा नकाशा, 2004 साली सुरू झालेला. त्यासाठी 'एव्हरी डोअर' हे अॅप घ्या, खातं उघडा, लोकेशन चालू करा. आणि थांबा. मोकळ्या आभाळाखाली मिनिट-दोन मिनिटं थांबा. तिथे फोनची चूक साधारण पाच मीटरवर येते. पाम बीच रोडला हे सहज जमतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, फोनला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि तुमची पाणपोई शेजारच्या सोसायटीत जाऊन बसते. अशा जागी उपग्रहचित्रावर कोपरा ओळखून खूण हाताने सरकवा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून मात्र काही उतरवू नका, तशी परवानगी नसते.

वहीत आकडे टिपत असाल तर दशांशचिन्हापुढे पाच अंक लिहा. पाच अंकी म्हणजे मीटरभराचा हिशेब, दोनच लिहिलेत तर किलोमीटरभराचा. आधी अक्षांश, मग रेखांश. ठाण्याचे 19 आणि 72 उलटे पडले, तर पाणपोई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावं देवनागरीतही भरा, नाक्यांची तर नक्कीच. सगळीकडे 'हाइट्स' आणि 'ग्रीन्स' झालंय, निदान नाके तरी आपले राहू देत. आणि शौचालय नोंदवताना उघडं असण्याची वेळ विचारून लिहा. रात्री कुलूप लागत असेल, तर तेही नोंदवा. नमस्कार.